वरच्या काकांनी लिहिलेला ताईत

आमच्या वरच्या काकांइतका रागीट माणूस या शहरात दुसरा झाला नाही, आणि एवढा राग एवढ्या निरुपद्रवी गोष्टींवर खर्च करणारा तर कुठल्याच शहरात झाला नसेल. ज्या गोष्टींवर आपण सगळे चिडतो त्यांच्यावर ते कधी चिडलेच नाहीत. आठ-आठ दिवस नळाला पाणी यायचं नाही, सगळी बिल्डिंग महापालिकेच्या नावानं बोटं मोडायची, तेव्हा हे गॅलरीत शांतपणे पुस्तक वाचत बसलेले. खेळणाऱ्या पोरांनी त्यांच्या खिडकीची काच फोडली तर चेंडू पुसून परत देत. एकदा एका रिक्षानं त्यांना धडक दिली, तर पडल्या-पडल्या त्यांनी रिक्षावाल्यालाच विचारलं, ‘तुला लागलं तर नाही ना?’ पण कुणी एखादा शब्द चुकीच्या जागी वापरला की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, चष्मा कपाळावर जायचा आणि तीन मजले ऐकू जाईल असा आवाज लागायचा. ते तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही दुसऱ्यावर, म्हणून ते वरचे काका. निजामाच्या काळातले उर्दू-फारसी दस्तऐवज मराठीत उतरवून कोर्टात द्यायचे, यात त्यांचा जन्म गेला होता. ती लिपी त्यांना वडिलांनी घरी शिकवलेली. एका शब्दाचा अर्थ चुकला की कुणाची तरी विहीर कुणाच्या तरी बांधात जाते, असं ते म्हणायचे. त्यामुळे शब्दांच्या बाबतीत त्यांना गंमत अशी कळतच नसे.

माझी आणि त्यांची ओळखच भांडणातून झाली. मी वाळूजला एका कारखान्यात सुपरवायझर. आम्ही फ्लॅट बघायला आलो होतो आणि जिन्यात उभा राहून मी बायकोला म्हणालो, ‘क्रांती चौक जवळ आहे, शाळा जवळ आहे, सगळं ठीक आहे. पण जागेला काही चार्म नाही.’ वरच्या कठड्यावरून एक पांढरं डोकं खाली वाकलं. ‘काय नाही?’ मी म्हणालो, ‘चार्म.’ काका चपला फटफटवत खाली आले. ‘चार्म म्हणजे मंत्र, साहेब! मूळ लॅटिन, कार्मेन. कार्मेन म्हणजे गाणं. माणसं गाणं म्हणून ताप उतरवायची, भूत उतरवायची. त्या गाण्याचा मंत्र झाला, मंत्राचा ताईत झाला, ताईताचा दागिना झाला, दागिन्याचं नुसतं गोड हसणं झालं, आणि आज तुम्ही त्या बिचाऱ्या शब्दाला टू बीएचकेच्या जिन्यात आणून उभं केलंत!’ मी घाबरून म्हणालो, ‘मग जागा मोहक नाही, असं म्हणू का?’ ‘मोह म्हणजे शुद्ध हरपणं. जिन्यात शुद्ध हरपली तर खाली पडाल.’ एवढं बोलून ते वर गेले, आणि पाच मिनिटांनी आमच्यासाठी चहा घेऊन पुन्हा खाली आले. बायको म्हणाली, फ्लॅट घेऊ या. मला अजून वाटतं तो फ्लॅट आम्ही त्या चहासाठी घेतला.

जादूटोण्याच्या शब्दांवर त्यांचा विशेष जीव होता, म्हणून विशेष रागही होता. वर्तमानपत्रात ‘संपावर अखेर तोडगा’ असा मथळा आला की सकाळी सातला ते वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावत. ‘तोडगा म्हणजे मंत्रतंत्राचा उतारा. मंत्रीसाहेबांनी संपकऱ्यांवरून लिंबू उतरवून चौकात टाकलं का? तशी बातमी असेल तर सविस्तर छापा!’ पलीकडचा उपसंपादक रात्रपाळी करून दमलेला. तो एकदा म्हणाला, ‘काका, मग काय लिहू तुम्हीच सांगा.’ काका म्हणाले, ‘मिटला लिहा. जागाही कमी लागेल.’ कुणा वक्त्यानं श्रोत्यांवर गारूड केलं असं छापून आलं, की गारूड हा शब्द गरुडापासून आला, तो सापाच्या विषावरचा मंत्र, आणि श्रोत्यांना साप चावला होता की वक्त्यालाच, असा प्रश्न पोस्टकार्डावर जायचा. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला ते आमच्याबरोबर क्रांती चौकातल्या एका दुकानात आले. तिला बारीक लोलक लटकवलेलं चार्म ब्रेसलेट हवं होतं. काकांनी ते हातात घेऊन काउंटरवरच्या मुलीला अतिशय गंभीरपणे विचारलं, ‘यावर मंत्र कोणता घातलाय?’ ती तितक्याच गंभीरपणे म्हणाली, ‘सर, यावर एक वर्षाची वॉरंटी आहे.’ काका बाहेर येऊन पायरीवर बसले आणि इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चिडायचं विसरलेले मी त्यांना तेव्हाच काय ते पाहिलं.

ताईत या शब्दावर मात्र ते कधी विनोद करत नसत. तो अरबीतून आपल्याकडे आला, त्याच्या मुळाशी आसरा मागणं आहे, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. ‘माझा कागदाच्या तुकड्यावर विश्वास नाही. पण घाबरलेला माणूस आसरा मागतो, त्यात हसण्यासारखं काय आहे?’ असं ते म्हणाले होते. पुढं जे झालं ते या शब्दावरूनच झालं.

एका गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, वैजापूरकडची एक बाई काकांचा पत्ता विचारत आली. मार्केट यार्डात कांदा निवडायच्या कामाला होती. बरोबर तेरा-चौदा वर्षांची मुलगी, कोमल. भावकीतल्या कुणाच्या तरी जमिनीचा जुना कागद काकांनी वाचून दिला होता, तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं की हे आजोबा ‘ती लिपी’ वाचतात. काकांनी मलाही वर बोलावलं, कारण चहाची साखर आमच्याकडून न्यायची होती. बाईनं पोरीच्या गळ्यातला काळा दोरा काढला. त्यात पत्र्याचा ताईत होता. ‘हिला फीट येती,’ ती म्हणाली. ‘बजाजनगरच्या बाबानं हे दिलंय. बांधल्यापासून उलट जास्त व्हायलंय. म्हनलं, पोरीचं नाव तरी नीट लिहिलंय का बघावं. नाव चुकलं आसंल तर गुण कसा येनार?’

काकांनी विचारलं, ‘गोळ्या चालू आहेत ना?’

‘बाबा म्हनले, दोन्ही संगं चालत नाय. गोळ्या बंद केल्या. दोन महिने झाले.’

काकांनी चिमट्यानं ताईताचं टोक उकललं, आतली सुरळी काढली, भिंग लावलं. मी त्यांच्या कानांकडे बघत होतो. ते लाल झाले नाहीत, पांढरे पडले. भिंग खाली ठेवून ते म्हणाले, ‘यात तुझ्या मुलीचं नाव नाही, बाई. कुणाचंच नाही. हा उर्दू पेपरातून कापलेला तुकडा आहे.’ आणि मग कोर्टात वाचत असतील तशा सपाट आवाजात त्यांनी भाषांतर केलं. ‘केस गळणे पंधरा दिवसांत बंद. सुगंधी तेल. मोठ्या बाटलीबरोबर कंगवा मोफत.’

कोमल हसली. खरंच हसली; तिचं वयच ते. तिच्या आईला मात्र काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तिनं पदर तोंडावर धरला. काका उठले, चपला घातल्या. ‘रिक्षा बोलवा,’ ते मला म्हणाले. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अगदी हळू होता. आम्ही दोघं आणि मायलेकी, असे चौघं निघालो.

बाबाचं बजाजनगरात रो-हाऊस होतं. बाहेर चपलांची रांग, आत खुर्च्यांवर पंधरा-वीस माणसं. बरीचशी कारखान्यांतली, माझ्या ओळखीचा एक फिटरसुद्धा. बाबा चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हसणं असं की समोरच्याला उगाच बरं वाटावं. काकांनी तो तुकडा त्याच्या पुढं धरला. ‘हे वाचा.’

‘आजोबा, बसा ना. पानी पिओ.’

‘वाचा म्हणतो!’

बाबा हसला. ‘हे वाचायचं नसतं, आजोबा. बांधायचं असतं.’

आणि काकांचा बांध फुटला. ‘बांधायचं? अरे, जगातल्या कुठल्याही भाषेत जा, हा शब्द माणसाच्या आवाजातून निघालाय! गाणं होतं ते! मंत्र मन् धातूपासून येतो, म्हणजे विचार करणं! कुणीतरी आजाऱ्याच्या उशाशी बसून, त्याच्यासाठी, त्याचं नाव घेऊन काहीतरी म्हणत होतं! तू एवढंही केलं नाहीस? पोरीचं नावसुद्धा लिहिलं नाहीस? खोटं बोलायचं तर निदान तिच्यासाठी म्हणून तरी बोलायचं होतंस!’ मग त्यांनी खोलीभर ऐकू जाईल असं तेलाची जाहिरात आधी उर्दूत आणि मग मराठीत वाचून दाखवली. कोपऱ्यातला एक टक्कल पडलेला गृहस्थ हळूच म्हणाला, ‘मग ते मला द्या की.’ दोघं-तिघं हसले. मला वाटलं, आता सगळे उठतील, गळ्यातले दोरे तोडतील. कुणी उठलं नाही. एक म्हातारा म्हणाला, ‘अहो, आमचा नंबर चाललाय, जरा बाजूला व्हा.’ माझ्या ओळखीचा तो फिटर माझ्याकडे न बघता मोबाईल बघत राहिला. बाबानं हात जोडले, तेच हसणं हसला आणि पुढच्याला बोलावलं. मला इतका संताप आला की खुर्ची उचलून फेकावीशी वाटली. पण मी सुपरवायझर माणूस. मी काकांना दंडाला धरून बाहेर आणलं. याची मला आजही लाज वाटते.

खरा तडाखा परतीच्या रिक्षात बसला. बाबाकडे पोरीचा हात धरून दाराशीच उभी राहिलेली ती बाई एकदम काकांवर उसळली. ‘तुमचं भांडन झालं, व्हय? झालं समाधान? त्ये खोटं व्हतं तं व्हतं, पर मला रातचा डोळा लागत व्हता! आता हिच्या गळ्यात काय ऱ्हायलं? तुमी फोडलं ना? मग तुमीच द्या आता काय द्यायचं त्ये!’ रेल्वे स्टेशन येईपर्यंत काका त्या रिकाम्या पत्र्याचं उकललेलं टोक बोटानं सरळ करत होते.

मायलेकी त्या रात्री आमच्याकडे राहिल्या. सकाळी काका त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले, तिथं डॉक्टरच्या अक्षरावरून डॉक्टरशी भांडले, आणि गोळ्या पुन्हा सुरू करून आले. मग त्यांनी चांगला कागद कापला, दौत काढली आणि सुंदर अक्षरांत लिहिलं. वर कोमलचं पूर्ण नाव. खाली, गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. चुकवायची नाही. जागरण करायचं नाही. भीती वाटली तर आईला हाक मारायची. तिच्याकडून ते तीनदा मोठ्यानं वाचून घेतलं, सुरळी केली आणि त्याच पत्र्यात घातली. ‘रोज दोन वेळा काढून वाचायचं, मगच गोळी घ्यायची,’ ते ओरडले. ‘न वाचता बांधलास तर याद राख!’ त्या गेल्यावर ते बराच वेळ बोटावरची शाई पुसत बसले. ‘खोटं एक अक्षर लिहिलं नाही,’ ते म्हणाले, ‘पण लिहिला तो ताईतच ना हो?’ त्यांना स्वतःवर चिडता येत होतं, ते मला तेव्हा कळलं.

कोमलच्या फीट थांबल्या. गोळ्यांनी थांबल्या, हे डॉक्टरनं सांगितलं, काकांनी सांगितलं, खुद्द कोमलनं सांगितलं. वैजापूरला कुणी ऐकलं नाही. महिन्याभरात आमच्या जिन्यात माणसं येऊन बसायला लागली. ‘ताईतवाले बाबा हितंच ऱ्हातेत का?’ काका वरून असे गरजायचे की बिल्डिंग हादरायची. ‘मी बाबा नाही! मला बाबा म्हणणारा बेअक्कल आहे!’ पण तेवढ्यानं कुणी हललं नाही. उलट बातमी पसरली की आजोबा जितके मोठ्यानं ओरडतील तितका लवकर गुण येतो. ते कुणाचे रिपोर्ट वाचायचे, कुणाला दवाखान्याच्या कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते सांगायचे, औषधाच्या वेळा लिहून द्यायचे, आणि हे सगळं अखंड ओरडत. जाताना माणसं त्यांच्या पाया पडायची. पाया पडलं की आणखी ओरडायचे. दोन वर्षं हे चाललं. त्या दोन वर्षांत वर्तमानपत्राच्या कचेरीला एकही फोन गेला नाही.

मग त्यांची नजर गेली. भिंगानंही अक्षर दिसेना, तेव्हा त्यांची मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. निघताना ते कुणाशी भांडले नाहीत. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी पायऱ्या मोजल्या, तेवढंच.

परवा एक बाई आली. वर जाऊन कुलूप बघून खाली आली आणि आमच्या दाराशी पायरीवर टेकली. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याची फाईल. मी सांगितलं, काका इथं राहत नाहीत आता. तिनं मान वर करून जिन्याकडे बघितलं. ‘मंग आता आमच्यावर वरडायला कोनीच नाय का?’ ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो, फाईल मागून घेतली, चष्मा लावला. गोळ्या तिनं मधेच सोडल्या होत्या. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज काही तेवढा लागला नाही.