ग्रुपवर गेलेला माझा आवाज

आमच्या बंजारा तांड्यातली बरीच घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि होळीच्या आसपास परत येतात. लग्न झाल्यापासून मीही जात होते. एका वर्षी निघायच्या आधी आमच्या गावची आशाताई, म्हणजे दवाखान्याच्या वतीनं घरोघरी फिरणारी बाई, तांड्यात आली. तिनं सगळ्यांचे नंबर घेतले आणि व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. "तिकडं तुमच्याकडं कोन पायते? काई झालं तं इथं टाका, मले लगेच दिसीन," ती म्हणाली. ग्रुपला तिनं स्वतःचाच फोटो लावला, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही ओळखू यावं.

हंगामभर ती त्यावर व्हिडिओ टाकत राहिली. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, अंगात बारीक ताप राहू लागला, वजन उतरलं, तर थुंकी तपासून घ्या. टीबीची तपासणी फुकट, गोळ्याही फुकट. आधी हे मराठीत यायचं, मग तिनं तांड्यातल्या एका शिकलेल्या मुलीकडून तेच आमच्या गोरबोलीत बोलवून घेतलं. आपली बोली ऐकून लोक फोन कानाला लावू लागले. खाली अंगठे यायचे, गुलाबाची फुलं यायची. मला खोकला आहे, असं मात्र कोणीच लिहिलं नाही.

लिहिणार कसं? टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांतलं एक बसलं की कोयता मोडला. टोळीत कोणाला न्यायचं ते ठरवणारा मुकादमही त्याच ग्रुपवर होता. मला पौषात खोकला लागला. नवऱ्याला तर माझ्याही आधीपासून होता. आम्ही दोघं उसाच्या कुसळाला दोष देत राहिलो.

परत आलो त्या चैत्रात एके सकाळी घरामागं खोकताना थुंकीत रक्त दिसलं. मी पायानं त्यावर माती लोटली आणि फोन घेऊन कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड जाऊन बसले. आशाताईला आवाज पाठवायचा होता. आम्ही आपसात गोरबोली बोलतो, पण ताईशी नेहमी मराठीतच बोलायचे. जे बोलले ते आजही शब्दन्‌शब्द आठवतं.

"ताई, मले खोकल्यातून रक्त पडून राह्यलं. पोट्टी अजून अंगावर पिते, तिले होईन का? आमच्या ह्यायले बी दिवाळीपासून खोकला हाये, पन थे मानत नाई. मुकादमाले कळलं तं आमाले पुढच्या साली नेनार नाई. कोनाले सांगू नोका ताई. सासूले तं अजिबात नाई."

ताईचा फोटो पाहिला, आवाज सोडला. मग वर बघितलं तर तांड्याच्या ग्रुपचं नाव. आवाज पुसायला गेले तर दोन पर्याय आले. घाईत न वाचताच एक दाबला आणि आवाज नाहीसा झाला. माझ्याच फोनमधून तो गेला होता, बाकी सगळ्यांच्या फोनमध्ये तसाच होता, हे तेव्हा मला कळलं नाही. देवाला हात जोडले आणि पाण्याचा गुंड घेऊन हापशीवर गेले.

तिथं चार-पाच बाया होत्या. मुकादमाची भावजय दगडावर बसून फोन ऐकत होती. लांबून मला वाटलं, कोणी बाई रडतेय. जवळ गेले तर तो माझाच आवाज. 'पोट्टी अजून अंगावर पिते.' मला पाहून तिनं घाईघाईनं बटण दाबलं, तर तो आवाज पहिल्यापासून लागला. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. एकीनं फक्त माझ्या गुंडाशेजारचा आपला हंडा उचलला आणि पलीकडं ठेवला. मी अर्ध्याच भरलेल्या गुंडानिशी घरी आले.

नवरा ओट्यावर होता. त्याच्या हातातही फोन होता.

"माझं नाव कशाला घेतलं?"

मी गुंड खाली ठेवला.

"तुझा रोग तू सांग. मला कशाला ओढलं त्यात? आता मुकादमाला तोंड कसं दाखवू?"

तो चप्पल घालून निघून गेला. सासू बाजेवर बसून सगळं ऐकत होती. ती मला टाकून बोलली नाही. दुपारी तिनं माझी थाळी आणि गिलास घासून वेगळ्या कोनाड्यात ठेवला आणि मुलीला उचलून शेजारी घेऊन गेली. मुलगी रडायला लागली तेव्हा मला पान्हा फुटला. चोळी ओली झाली त्याचीही मला लाज वाटली. आपल्या अंगाला आता काही झाकलेलं राहिलंच नाही, असं वाटत होतं.

ऊन उतरल्यावर आशाताई आली. "म्या सगळ्याईले फोन केले. पुढं पाठवू नोका म्हनलं. तू रडू नोको. आवाज गेला तं गेला, तुह्या पोरीसाठी बरंच झालं." तिनं दोन डब्या काढल्या, एक माझ्या हातात दिली. "सकाळची थुंकी, अंदरून काढलेली. तोंडाले फडकं बांधून पोरीले पाज, दूध तोडू नोको." दुसरी डबी तिनं ओट्यावर ठेवली. ती कोणासाठी, हे ती बोलली नाही.

माझ्या थुंकीत टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. मुलीलाही रोग लागू नये म्हणून औषध मिळालं. ओट्यावरची डबी मात्र तशीच पडून होती.

मग फोन येऊ लागले. टोळीतल्या बाया हळू आवाजात विचारायच्या, "तुला आधी काय झालं गं? घाम यायचा का?" मला त्या फोनांचा राग यायचा. रोगी म्हटलं की आता सगळ्यांना मीच आठवणार होते. तरी सांगायचे, ताईकडून डबी घे. बऱ्याच जणींनी घेतली. ग्रुपवर मात्र कोणी काही बोललं नाही. छातीचा फोटो काढायची गाडी एक दिवस देवळापाशी येऊन उभी राहिली, तेव्हा रांग बरीच लांब होती. सगळ्यांत शेवटी, तोंडाला दुपट्टा गुंडाळून माझा नवरा उभा होता.

नर्सनं विचारलं, "खोकला कधीपासून?"

"झाले असतील तीन-चार रोज."

मी त्याच्या मागं येऊन थांबले होते. नर्सनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं बघत राहिले. एकदा सगळ्या जगाला सांगून झालं होतं, पुन्हा माझ्यानं बोलवेना. मग तोच दुपट्टा खाली करून म्हणाला, "दिवाळीपासून हाये."

त्यालाही निघाला. आम्ही दोघं सकाळी एकाच तांब्यातल्या पाण्यानं गोळ्या घ्यायचो. त्या आवाजाबद्दल तो पुन्हा कधी बोलला नाही. पुढच्या दिवाळीला आम्ही बरे झालो होतो, तरी मुकादम आमच्या दारी आला नाही. आमच्या जागी दुसरं जोडपं गेलं. नवरा दिग्रसला जिनिंगमध्ये लागला, मी कापूस वेचू लागले.

मधे एकदा आशाताईनं विचारलं, "तुया तो आवाज दुसऱ्या तांड्यात ऐकवू का? नाव नाई सांगत." मी नको म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण तो तिच्या हातातही राहिला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात महागावकडची माझी मावसबहीण भेटायला आली. बोलता बोलता म्हणाली, त्यांच्या ग्रुपवर कुठल्याशा बाईचा रडका आवाज आला होता. तो ऐकून तिचा सासरा, जो कोणाचंच ऐकायचा नाही, तो दवाखान्यात गेला आणि वाचला. "आवाज तुझ्यासारखाच होता गं. तूच ना ती?"

नवरा दारात दाढी करत होता. त्याचा हात थांबला.

"नाही," मी म्हटलं. "मी कशाला असेन?"

"कोणी का असेना, बाई धीट होती," ती म्हणाली.

चहा ठेवते म्हणून मी उठले. आत चुलीपुढं गेले आणि तोंडावर पदर घेऊन तिथंच बसून राहिले. कान गरम झाले होते. बाहेर ती अजून त्या बाईचं कौतुक करत होती, आणि पाणी उकळून आटायला आलं तरी मला बाहेर जाववेना.