साहेबांनी चारलेला बकरा

महिपतराव मटण खात ते वर्षातून एकदा, खंडेनवमीला, आणि तेही रडून झाल्यावर.

घराण्याचा नियमच तसा होता. ज्याला मटण खायचं असेल त्यानं आठ दिवस बकऱ्याला आपल्या हातानं पाला चारायचा आणि नवमीला समोर उभं राहून बघायचं. मान फिरवली की पानात वरणभात. बाजारचं मटण घरात येत नसे. ज्याची ओळख नाही त्याला खायचं कसं, असं महिपतरावांचे वडील म्हणत. ते ग्वाल्हेरच्या घोडदळात होते, महिपतरावही होते. पुढे संस्थान मध्यभारतात विलीन झालं, घोडा गेला आणि महिपतराव दफ्तरात कारकून झाले. ग्वाल्हेरातल्या हजिरा मोहल्ल्यातल्या घराचं अंगण तेवढं राहिलं. दरवर्षी तिथे बकरा बांधला जाई, महिपतरावांचा जीव त्याच्यावर जडे, नवमीला ते घळाघळा रडत आणि मग दोनदा वाढून घेत.

आठ वर्षांत मध्यभारतही आटोपलं. छप्पन साली राजधानी भोपाळला चालली. कोण जाणार, कोण राहणार, ती यादी विश्वासरावसाहेबांच्या हाती होती. साहेब मूळचे इंदूरचे, खाण्याचे शौकीन. एक दिवस म्हणाले, "महिपतराव, तुमच्याकडच्या नवमीच्या मटणाची मोठी तारीफ ऐकली."

दफ्तरातल्या लोकांना वाटलं, यांनी नशीब काढलं. भोपाळ म्हणजे दोन खोल्यांचं क्वार्टर. तिथे अंगण नाही म्हणजे बकरा नाही, आणि बकरा नाही म्हणजे जन्मभर वरणभात. महिपतरावांना हजिरा मुळीच सोडायचा नव्हता. तरी ते म्हणाले, "या ना साहेब. उद्यापासूनच या. पाला चारावा लागेल."

घरी त्यांच्या पत्नीनं, मंदाताईंनी, कपाळाला हात लावला. "अहो, साहेबांना बकरा चारायला लावता? आता सामान बांधा!"

"नियम सगळ्यांना एक."

साहेब आले. पहिल्या दिवशी रुमालानं हात पुसत होते, चौथ्या दिवशी खिशातून गूळ निघाला. सातव्या दिवशी बकरा त्यांच्या मोटारीचा आवाज ओळखू लागला. नवमीला साहेब समोर उभे राहिले आणि ऐन वेळी भिंतीकडे वळले.

महिपतरावांनी ते पाहिलं. डोळे पुसले, पानं मांडली आणि साहेबांना वरणभात वाढला. मंदाताईंनी वर तूप जरा जास्तच घातलं. साहेब जेवले आणि मोटारीत बसून निघून गेले.

पंधरा दिवसांनी यादी लागली. महिपतरावांचं नाव पहिलं होतं.

भोपाळच्या क्वार्टरात वर्ष वरणभातावर गेलं. मंदाताई कामापुरतं बोलत. पुढच्या नवमीच्या आठ दिवस आधी साहेबांचा चपराशी बोलवायला आला. बंगल्यामागे बकरा बांधलेला होता आणि साहेब पाल्याची फांदी घेऊन उभे होते.

"वर्षभर बाजारचं मटण घशाखाली उतरलं नाही," साहेब म्हणाले. "या वेळी मान फिरवणार नाही. पण शेजारी कोणी तरी उभं पाहिजे ना. म्हणून तर तुम्हाला आणलं."

महिपतराव संतापले. या माणसानं एका जेवणापायी त्यांचं अंगण काढून घेतलं होतं. तेवढ्यात बकऱ्यानं तोंड पुढे करून त्यांचा हात हुंगला. महिपतरावांनी साहेबांच्या हातातली अर्धी फांदी मोडून घेतली.

"उद्यापासून आमच्या मंडळींनाही आणतो," ते म्हणाले. "त्यांनाही चारावं लागेल."