करंगळीतला वायसर

दौलत परबांनी दुरुस्त केलेली मोटार पुन्हा त्याच दुखण्यासाठी परत आली, असं लालबागेत कोणी सांगू शकत नव्हतं. हे दौलतरावांनाही ठाऊक होतं, आणि तिथेच खरी गोम होती. सहा दिवस ते गिरणीत फिटर असत आणि रविवारी चाळीमागच्या गल्लीत मोटारींचे डॉक्टर. बारा वर्षं हे चाललं होतं. "आपल्या हातची गाडी थेंब टाकणार नाही," असं ते म्हणत आणि त्यात फुशारकी आहे असं कुणाला वाटत नसे.

कामाची त्यांची एक रीत होती. काढलेले नट-बोल्ट ते वर्तमानपत्रावर ओळीने मांडत. वायसर, म्हणजे बोल्टाखालच्या भोकाच्या चकत्या, मात्र हलके, वाऱ्याने गटारात जाणारे. म्हणून निघालेला वायसर ते बोटात घालून ठेवत. काम संपलं आणि बोटं मोकळी झाली म्हणजे सगळं जिथल्या तिथे गेलं.

छप्पन सालची गोष्ट. गिरगावच्या शशिकांत कोठाऱ्यांची वीस वर्षांची काळी विलायती मोटार शनिवारी दौलतरावांकडे आली होती. इंजिनातून तेल गळत होतं. कोठाऱ्यांच्या गॅरेजच्या फरशीवर रोज बशीएवढा डाग पडे. इंजिनाच्या पोटाशी तेलाचं भांडं असतं, मेकॅनिक त्याला चेंबर म्हणतात. त्या चेंबरचं पॅकिंग वाळून पापड झालं होतं. दौलतरावांनी बुचाच्या पातळ तक्त्यातून नवं पॅकिंग कापलं, चेंबर परत चढवलं. रविवारी सकाळी फक्त चेंबरच्या तळाचा, तेल सोडायचा बोल्ट बसवून नवं तेल ओतायचं राहिलं होतं.

वायसर करंगळीत अडकवून ते मोटारीखाली आडवे झाले आणि बोल्ट हातात घेतला, तेवढ्यात नाक्यावरून प्रभातफेरी आली.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!"

दौलतरावांच्याने राहवलं नाही. बोल्ट हरवू नये म्हणून त्याला बोटांनीच दोन आटे देऊन ते बाहेर सरकले आणि नाक्यावर धावले. घसा बसेपर्यंत ओरडून परत आले, तर शशिकांत टॅक्सीतून सामान उतरवत होते. सोबत त्यांची बायको राजलक्ष्मी, सातवा महिना लागलेली. मुंबईत रोज काहीतरी पेटत होतं, म्हणून तिला पुण्याला माहेरी पोचवायचं ठरलं होतं.

"झालं ना, दौलतराव? ऊन चढायच्या आत घाट चढायचाय. आधी दादरला बहिणीकडे चहा घ्यायचा, नाहीतर नलू जन्मभर बोलून दाखवेल."

"तेल ओतलं की निघा, साहेब."

तेल ओतलं. दौलतरावांनी वाकून खाली पाहिलं. एक थेंब नव्हता. मोटार गेली.

वीस मिनिटांनी ते मोरीत राखेने हात चोळत होते. पाणी घालता घालता त्यांची बायको अंबिका हसली.

"अवो, तां करंगळीत काय? मोटारीशी लगीन लावलात काय?"

दौलतरावांनी हाताकडे पाहिलं. तांब्याचा वायसर.

आधी वायसर, मग पाना, हा त्यांचा क्रम. वायसर इथे, म्हणजे बोल्टाला पानाच लागला नव्हता. तो बोटांनी दिलेल्या दोन आट्यांवर लटकत होता. थंड तेल घट्ट असतं म्हणून गळलं नव्हतं. इंजिन तापलं की ते पातळ होणार, बोल्ट हादऱ्यांनी सुटणार, तेल मिनिटभरात रस्त्यावर आणि इंजिन जाम. खंडाळ्याच्या वळणावर, मागून ट्रक येत असताना. आणि आत सातव्या महिन्यातली बाई.

"काय झाला?" अंबिकाने विचारलं. ते पाना उचलून धावले. बसचा भरवसा नव्हता. खाली शेजारचा दगडू सायकल पुसत होता.

"दगडू, सायकल दे!"

"काका, ब्रेक नाहीत तिला!"

"मला थांबायचं कुठे आहे!"

परळच्या रस्त्यावर पहिला थेंब दिसला. चवलीच्या नाण्याएवढा. पुढचा पन्नास पावलांवर, मग तिसरा. दौलतराव मान खाली घालून पायडल मारत होते. हिंदमात्याजवळ थेंबांमधलं अंतर वीस पावलांवर आलं. एका जागी वाटीएवढं थारोळं होतं, म्हणजे इथे मोटार थांबली असणार. छातीत भाता चालत होता. नलूताईंचं घर दादरला एवढंच ठाऊक होतं. गल्ली माहीत नव्हती, नंबर माहीत नव्हता. हे थेंब हाच पत्ता.

खोदादाद सर्कलला तो पत्ता हरवला. कडेला टॅक्सी उभ्या राहायच्या, तिथली जमीन वर्षानुवर्षांच्या तेलाने काळी झाली होती. डागांवर डाग. दौलतराव सायकल टाकून गुडघ्यांवर बसले.

"काय हरवलं, काका?" एका टॅक्सीवाल्याने विचारलं. "सोनं?"

"तेल," दौलतराव म्हणाले.

टॅक्सीवाला दुसऱ्याला म्हणाला, "ऊन लागलंय म्हाताऱ्याला. सकाळी सकाळी."

पण बोलता बोलता दौलतरावांच्या ध्यानात आलं. टॅक्सींचं तेल जळून काळं झालेलं. आपण ओतलेलं कोरं, मधासारखं. त्यांनी डोळे बारीक केले. त्या सगळ्या काळ्यात पिवळसर, चमकणारा एक थेंब उजवीकडे वळला होता. मग दुसरा. ते हिंदू कॉलनीत शिरले. तिसऱ्या घराशी ताटाएवढं पिवळं थारोळं पसरलं होतं. मोटार नव्हती.

गॅलरीत एक बाई कपबशा उचलत होत्या.

"नलूताई? कोठारेसाहेब कुठायत?"

"आत्ताच गेले की! पाच मिनिटं झाली. तुम्ही कोण?"

त्यांनी सायकल वळवलीसुद्धा होती. आता थेंब मोजायची गरज नव्हती. वीत वीत अंतरावर पडले होते. माटुंगा लागल्यावर थेंबांची धार झाली, आणि मग रस्त्याच्या मधोमध हातभर रुंद चकाकता पट्टा आला. पट्ट्याच्या तोंडाशी बोल्ट पडला होता.

दौलतरावांनी तो उचलला. हाताला अजून गरम लागला. मोटार आता कोरडी धावत होती. एकेक फर्लांग म्हणजे इंजिनाचा जीव.

किंग्ज सर्कलच्या अलीकडे पोलिसांनी रस्ता अडवला होता. काळी मोटार तिथे उभी होती. शशिकांत खिडकीतून डोकं काढून हवालदाराशी वाद घालत होते, आणि इंजिन चालूच होतं. त्याची टकटक दौलतरावांना लांबूनच ऐकू आली.

"बंद करा! इंजिन बंद करा!"

पोलिसांना दिसला तो वेगळाच प्रकार. मळक्या सदऱ्यातला गिरणीवाला, हातात लोखंडी पाना, ओरडत सुसाट अंगावर येतोय आणि थांबायचं नाव घेत नाही. घेणार कसा, सायकलला ब्रेक कुठे होते! दोन शिपाई पुढे झाले. लाठ्या वर गेल्या. दौलतरावांनी सायकलसकट रस्त्यावर अंग टाकलं.

"अहो, मारू नका! आमचे मेकॅनिक आहेत ते!" राजलक्ष्मी ओरडली. शशिकांत अजून बघतच होते. तिने वाकून स्वतः चावी फिरवली. टकटक थांबली.

दौलतरावांचा कोपर फुटला होता. ते उठले ते थेट मोटारीखाली गेले. शशिकांतही वाकले आणि त्यांनी तेल निथळताना पाहिलं.

"दगड!" ते म्हणाले. "कुणीतरी दगड मारला असणार. हवालदार, लिहून घ्या."

हवालदार नायगावच्या पोलीस लाइनीतला, पिकल्या मिशांचा. त्याने वही काढली. "रोजचंच झालंय साहेब हे. कुठे मारला?"

दौलतराव मोटारीखालीच होते. काही बोलायचं नाही, एवढंच करायचं होतं. बारा वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. दगड कुणीही मारला असता, त्या दिवसांत कुणी शंका घेतली नसती. हवालदाराच्या पेन्सिलीचा आवाज त्यांना ऐकू आला. प्रभातफेरीतले ओळखीचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे आले; दगडाचा आळ त्यांच्यावरच येणार होता.

ते बाहेर आले.

"दगडबिगड नाही, साहेब. बोल्ट मी कसलाच नव्हता. घोषणा द्यायला पळालो."

शशिकांतांचा चेहरा लाल झाला. "माझी बायको होती आत!"

"होय."

"होय काय, होय? घाटात असतो तर?"

"म्हणून तर आलो."

दौलतरावांनी वायसर घालून बोल्ट पान्याने आवळला. जवळच्या पंपावरून शशिकांतांनी तेल आणलं. ते ओतून झाल्यावर दौलतरावांनी इंजिन फिरवायचं हँडल लावून श्वास रोखला आणि जोर दिला. हँडल अडलं, मग जडपणे फिरलं. इंजिन जाम झालं नव्हतं.

"मग निघू आता?" शशिकांतांनी विचारलं. आवाज उतरला होता.

हो म्हटलं असतं तर सगळंच मिटलं असतं.

"नाही. इतका वेळ कोरडं चाललंय. बेरिंगं उघडून बघितल्याशिवाय ही घाट चढेल असं मी सांगणार नाही. बाईसाहेबांना रेल्वेने न्या."

शशिकांत बायकोकडे वळले. "ऐकलंस? आता कुणावर विश्वास ठेवायचा?"

राजलक्ष्मी फुटपाथवर ट्रंकेवर बसली होती. तिने पदराने घाम टिपला. "जो नको म्हणतोय त्याच्यावर," ती म्हणाली. "मला स्टेशनवर सोडा आणि गाडी यांच्याकडे द्या."

शशिकांतांनी येणाऱ्या टॅक्सीला हात केला.

मोटार नलूताईंच्या दारापर्यंत ढकलत न्यायचं ठरलं. दौलतरावांनी एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि खांदा दाराला लावला. मागून हवालदाराने दोन शिपायांना खूण केली आणि स्वतःही टोपी सावरून हात लावला.

"लावा रे जोर," तो म्हणाला. मग दौलतरावांच्या कानाशी येऊन हळूच पुटपुटला, "पुढच्या वेळी आधी बोल्ट आवळा, काका. मग द्या काय घोषणा द्यायच्या त्या."