बिराजदार सरांचे सहा जोकर

मुक्या जिवांना संकटाची चाहूल माणसाच्या आधी लागते. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूरच्या आमच्या गल्लीत या सत्याबद्दल कुणालाही शंका उरली नव्हती. सत्याचं यंत्र बिराजदार सरांच्या हॉलमध्ये होतं. दिवाणाएवढी लांब काचेची टाकी आणि तिच्यात पाच मासे. भूकंपाच्या पहाटे सर पाणी प्यायला उठले होते. त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं, तर पाचही मासे पाइपच्या तुकड्यांत निवांत पडलेले. मग घर हाललं, अर्धं पाणी फरशीवर आलं, आणि तेव्हा कुठे मासे जागे झाले. सर ही हकिकत सर्वांना प्रामाणिकपणे सांगत. गल्लीने तेवढा भाग कधीच ऐकून घेतला नाही.

सर निलंग्याकडचे, कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायचो आणि त्यांच्या समोरच्या घरात राहायचो. त्यांचे मासे क्लाउन लोच जातीचे. नारिंगी अंग, त्यावर तीन काळे पट्टे, तोंडाशी मिशा. गल्लीत त्यांना जोकर म्हणत. सरांनी ते हैदराबादहून एसटीने आणले होते, हवा भरलेली पिशवी आख्खा रस्ता मांडीवर धरून. सर पक्के शाकाहारी, गळ्यात इष्टलिंग, घरात कांदासुद्धा सोमवारी वर्ज्य. पण सकाळी अंघोळीआधी ते परसात कुदळ घेऊन गांडुळं शोधत. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "मी शाकाहारी हाय. मासा न्हाई."

पाण्याच्या बाबतीत त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. नळाला पाणी आलं की लोक भांडी भरत, सर आधी वास घेत. क्लोरीन उडून जावं म्हणून ते पाणी ड्रममध्ये ठेवत, बोअरचं जड पाणी टाकीला लावू देत नसत. गच्चीवरून उतरलेलं पावसाचं पाणी स्वयंपाकघराच्या वाट्याला कधी आलं नाही. सरांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या काकू, म्हणायच्या, "पुढच्या जन्मी ह्यांच्या टाकीत येते. निदान पाणी तरी पुरेल." सर गंभीरपणे म्हणायचे, "ये की. पण एकटी येऊ नको. हे एकटं जगत न्हाईत."

धक्के बसत होते त्या दिवसांत गल्ली रस्त्यावर ताडपत्र्या टाकून राहत होती. स्वयंपाकापुरतंच घरात जायचं. पाळीपाळीने कुणीतरी सरांच्या खिडकीशी उभं राहून टाकीवर नजर ठेवायचं, असं आपोआप ठरलं होतं. एका दुपारी शेजारच्या शांताबाईंची पाळी होती. त्या किंचाळल्या, "मासा आडवा झाला! पळा!" घरात असलेले सगळे बाहेर आले. एक जण अर्ध्या गालाला साबण लावून आला. मीही आलो. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण मी सर्वांत पुढे होतो.

सर दारात आले. "अहो, काय झालं? जेवून पडलाय तो. ह्या जातीची सवयच हाय, पोट भरलं की कुशीवर पडतंय. तुमच्यात कुणी पडत न्हाई का?"

भूकंप झाला नाही. शांताबाई म्हणाल्या, "आपण वेळेवर निघालो म्हणून टळला." त्या तर्कापुढे रसायनशास्त्र काय करणार?

पुढे लातुरात दुसरा हादरा आला, शिकवण्यांचा. डॉक्टर व्हायला सगळ्या मराठवाड्यातून पोरं येऊ लागली. गल्लीत ज्या घराला तडे गेले होते त्याचं वसतिगृह झालं, ज्याला गेले नव्हते त्याची खानावळ. सरांच्या हॉलमध्ये सकाळी दोन बॅचेस बसत. टाकी हलली नाही. बेंच तिच्या भोवती वळसा घालून लागले.

सरांचाच एक जुना विद्यार्थी हणमंत याने चार मजली क्लास काढला. चौकातल्या फलकावर त्याच्या नावाआधी इतकी विशेषणं होती की नावाला जागा उरली नव्हती. स्वागतकक्षात त्याने सरांसारखाच मासा आणवला. एकच. उद्घाटनाला पाहुण्यांनी टाकीवर नारळ वाढवला, हळद-कुंकू वाहिलं आणि नांदेडहून आणलेलं गोदावरीचं पाणी आत ओतलं. मासा दिसावा म्हणून हणमंतने लपायचे दगड काढून वर दोन ट्यूबलाइट लावल्या होत्या. आठवडाभरात मासा राखेसारखा करडा पडला.

हणमंत धावत आला. "सर, रंगच उडाला हो. ॲडमिशनचे दिवस हायेत, पालक बघायलेत."

"एकटाच ठेवलास?"

"सर, सर्कशीत जोकर एकच असतो."

"आन् कोपऱ्यात दडायला काय ठेवलंस?"

"दडायला कशाला? दिसायला आणलाय."

सर स्वतः बादली घेऊन गेले आणि मासा घरी आणला. वेगळ्या टबात ठेवून त्याच्या अंगावरचे पांढरे ठिपके बरे केले. या माशांची कातडी नाजूक, म्हणून बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मंच औषध द्यायचं. थंडीत पाणी कोमट ठेवायचं. मग त्याला पाचांत सोडला. दिवाळीपर्यंत तो असा पेटला की ओळखू येईना. हणमंत न्यायला आला तेव्हा सर म्हणाले, "तो रंग त्याचा न्हाई हणमंता, सहांचा हाय. एकटा नेलास की रंग इथंच राहील." हणमंतने स्वागतकक्षात प्लास्टिकची कमळं ठेवली. ॲडमिशनं तरीही भरली.

काकू गेल्यावर सरांची मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. तिच्या फ्लॅटमध्ये टाकीला जागा नव्हती. सर सामान बांधायचं सोडून टाकीसमोर बसून राहत. त्यांना घर सोडवत नव्हतं असं नाही. घर त्यांनी दोन वाक्यांत विकलं होतं. प्रश्न सहा जणांचा होता, आणि गल्लीने तो आपल्या पद्धतीने सोडवला. शांताबाई सर्वांच्या वतीने आल्या. "सर, सहा घरांत एकेक द्या की. भूकंपाला सगळ्यांनाच उपयोगी पडंल."

"शांताबाई, सहा घरांत सहा करडे मासे मरतील. तुमच्या पोरांना दिलं असतं का वाटून?"

"धाकटा दिला असता," शांताबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी सर माझ्याकडे आले. माझा हॉल त्यांनी खरेदी करायच्या नजरेने पाहिला. "तुमच्या विषयाला ट्यूशन न्हाई, म्हणून हॉल रिकामा हाय. तुम्ही पूजा पण करत न्हाईत. तुमच्याकडं चालतंय." माझ्या आयुष्यातल्या दोन उणिवा कुणाला तरी प्रथमच उपयोगी वाटल्या. टाकी चार जणांनी उचलून रस्त्यापलीकडे आणली. मागून सर बादली घेऊन, कुणाला हात लावू न देता.

पुण्याहून त्यांचा फोन येई. माझी प्रकृती त्यांनी कधी विचारली नाही. "धाकट्याचा पट्टा कसा हाय? पाणी एकदम बदलू नका, थोडं थोडं. पाइप काढू नका. आन् आडवा पडला तर घाबरू नका." मी म्हणायचो, घाबरत नाही. "शांताबाईला सांगा," ते म्हणायचे.

मग एकदा फोन मुलीचा आला.

हणमंतने क्लासच्या सभागृहात शोकसभा ठेवली. फोटो दारापेक्षा मोठा होता. वक्त्यांनी सांगितलं की सरांनी माशांच्या हालचालींवरून भूकंप आधीच ओळखला होता, पण त्या काळात विज्ञानाचं कोण ऐकणार. सभागृह हळहळलं. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. पाणी प्यायला उठल्याची हकिकत मी सांगितली. टाळ्या पडल्या नाहीत.

शांताबाई माझ्याबरोबर घरापर्यंत आल्या. हॉलमध्ये पाऊल टाकताच त्यांनी माझा दंड धरला. टाकीत सहाही मासे, भडक नारिंगी, कुशीवर आडवे पडलेले.

"बघा," त्या कुजबुजल्या, "त्यांना कळलं."

सभेला निघताना मी त्यांना काकडी आणि गांडुळं पोटभर घातली होती.