सिद्धम्माचा हात

शुक्रवार पेठेत मूल जन्मलं, की सिद्धम्माला निरोप जायचा. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला ती कुंभारीहून पहिल्या गाडीनं यायची. न्हाणीत पाय लांब करून बसायची आणि बाळाला पायांवर निजवून तेल चोळायची. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळी पेठ म्हणे. पेठ काय, काहीही म्हणते. पण सिद्धम्मालाही ते खरं वाटायचं आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

मुलगा असला, की त्याच्या मुताची धार तिच्या लुगड्यावर उडायचीच. मग ती हसत बाळंतिणीकडे हक्काचा नारळ मागायची.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात भुसार दुकानवाल्या चनबसप्पाला नातू झाला. त्याची धार काही लुगड्यापर्यंत आली नाही, नुसते थेंब गळायचे. आजी नागव्वा कौतुकानं म्हणाली, पोर गुणी आहे, कुणाला भिजवत नाही. सिद्धम्माच्या अंगठ्याला मात्र बेंबीखाली लिंबाएवढा टणक गोळा लागला. पोर कळवळत होतं. तिनं कोमट एरंडेल लावून गोळा हळूच खाली दाबला. लघवी झाली, पोर झोपलं. घरादारानं तिचा हात वाखाणला. मग रोज तेच.

पण घरी परतताना तिचा अंगठा तो गोळा विसरत नसे. असं लिंबू तिच्या हाताला आधीही लागलं होतं, तिच्या पोटच्या पोराच्या पोटात. त्यालाही ती असंच दाबून निजवायची, तीन महिने. पोट फुगून तो गेला तेव्हा सगळे दृष्ट लागली म्हणाले आणि तिनंही मान डोलावली होती.

एकविसाव्या दिवशी तिनं तेलाची वाटी बाजूला सारली. नागव्वा दाब म्हणाली, मग रागावली, मग दुसरी बाई बघते म्हणाली. पोर रडून निळं पडत होतं. सिद्धम्माचे हात शिवशिवत होते. ते तिनं लुगड्यात गुंडाळून घेतले.

"आज मी दाबणार न्हाय," ती म्हणाली. "मी दाबलं की त्ये झोपतंय, आन् त्ये झोपलं की तुमी दवाखान्यात न्हेत न्हाय."

दुपारपर्यंत रडणं ऐकून चनबसप्पानंच टांगा बोलावला. सिद्धम्माही बसली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी नळी घातली. पोराचं पोट सैल पडलं, पण डॉक्टरांचा चेहरा काही सैल झाला नाही. ते म्हणाले, गर्भात मुलाचा मूत्रमार्ग घडताना काही पेशींनी वेळेत विरून जायचं असतं. याच्या विरल्या नाहीत, त्यांचा पडदा राहिला आणि वाट अडली. त्या का राहतात, हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. पोर बहुतेक वाचेल; मूत्रपिंडं मात्र सुजली आहेत, ती किती साथ देतील, सांगता येत नाही.

मग त्यांनी पोट कुणी दाबत होतं का, ते विचारलं. नागव्वानं सिद्धम्माकडे बोट केलं.

"दाबल्यावर थोडी लघवी बाहेर येते, बाई," डॉक्टर म्हणाले. "उरलेली उलटी वर चढते, मूत्रपिंडात. दाबू नये."

सिद्धम्मानं आपले तळहात नाकाशी नेले. एरंडेलाचा वास अजून गेला नव्हता.

"आन् तीन महिने दाबलं तर?"

"तीन महिने कसे?" डॉक्टर कागदावर लिहीत म्हणाले. "हा तर एकवीस दिवसांचा आहे."