मामांचं धुराशी वैर

एखाद्या घराला पत्ता लागू न देता ते घर बदलून टाकावं, तर ते माझ्या आत्याच्या यजमानांनीच. या कामात त्यांच्याइतका सोशिक आणि त्यांच्याइतका बिलंदर माणूस आख्ख्या जालन्याच्या मुलखात दुसरा नव्हता. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात. हे मामा अंबडला मास्तर होते आणि सुटी लागली की एस.टी.नं केदारखेड्याला आमच्याकडे येत. एका खेपेला एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नेम. एकदम सांगितलं की घर बिचकतं, असं ते म्हणत. सत्तरीच्या दशकातल्या एका खेपेला त्यांनी मोरीच्या पाण्यावर शेवगा लावला. पुढं त्याचा पाला वरणात पडला, मग पिठल्यात, मग थालीपिठात. चहात तेवढा पडला नाही. डालड्याचा डबा त्यांनी कुणाला न विचारता रिकामा करून त्यात तुळस लावली, तेव्हा घाण्यावरचं करडईचं तेल आपोआप घरात आलं. वडील पालापाचोळा पेटवायला निघाले की मामा त्या ढिगावरच पेपर वाचत बसत. जावयाला ऊठ म्हणायची आमच्यात रीत नाही, हे त्यांना बराबर ठाऊक होतं. वडील काडेपेटी खिशात घालून मुकाट्यानं परत येत आणि पाला खताच्या खड्ड्यात जाई.

पण त्यांचं खरं वैर होतं आमच्या चुलीच्या धुराशी. आईला खोकला होता. बोलता बोलता ती वाक्य अर्धवट सोडून पदर तोंडाला लावी, आणि थंडीत तर भाकरी थापताना मधेच भिंतीला टेकून बसे. आम्हाला त्या खोकल्याची इतकी सवय झाली होती की तो आम्हाला ऐकूच येत नसे. मामांना येई. वडिलांना दोन वर्षं गोठ्यातल्या शेणाचं माहात्म्य ऐकवून त्यांनी परसात गोबर गॅसची टाकी बसवून घेतली. शेगडी स्वयंपाकघरात आली आणि आईनं लगेच तिच्यावर टोपली पालथी घातली. शेणाच्या गॅसवर देवाचा नैवेद्य शिजणार नाही, असं तिनं बजावलं. बजावताना तिच्या हातात चुलीत सारायची गोवरी होती. मामांनी गोवरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि आंघोळीच्या पाण्याचा हंडा उचलला.

मग शेगडीवर आंघोळीचं पाणी तापू लागलं. पुढच्या सुटीत चहा, फक्त मामांपुरता. त्याच्या पुढच्या सुटीत दूध. भाकरी मात्र चुलीवरून हलेना. शेवटी दिवाळीच्या सुटीत एका सकाळी मामा धोतर खोचून स्वतःच परातीपुढे बसले. त्यांच्या भाकरीला कोपरे किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. जावई भाकरी थापतोय म्हटल्यावर शेजारच्या बायका दारात जमल्या. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उठा दाजी, गावात माझं नाक कापू नका," ती म्हणाली आणि तिनं परात स्वतःकडे ओढली. तिनं गॅसवर टाकलेली पहिली भाकरी टम्म फुगली. रीत मोडली आणि चूलही सुटली.

उन्हाळ्यापर्यंत आईचा खोकला बराच ओसरला. एकदा ती वडिलांना न थांबता, श्वास न तोडता पाऊण तास बोलली आणि बोलणी खाताना वडील चक्क हसत होते. त्याच सुटीत मामा परत निघाले तेव्हा आईनं आत्याचं विचारलं, "दाजी, आक्का कशावर रांधतात?"

मामा पिशवीचे बंद बांधत राहिले. "चुलीवर. रॉकेल आठ दिवसात सरतंय. भाड्याच्या खोलीत जनावरं कुठं बांधू, वैनी? ती बी खोकून राह्यली."

आई पुन्हा परातीपुढे बसली. पिठाचा डबा संपेतो भाकऱ्या केल्या, फडक्यात बांधल्या आणि दोन दिवस आक्काला चूल पेटवू देऊ नका म्हणाली. मग मामांच्या प्रत्येक परतीला ते गाठोडं ठरलेलं.

आई पुढं नातसुना पाहून गेली. तिचं ते सगळं आयुष्य मी मामांचंच देणं मानतो, आणि हे त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही याची मला अजून लाज वाटते. आत्या मात्र फार लवकर गेली. आम्ही अंबडला गेलो तेव्हा मामा त्या काळवंडलेल्या खोलीत बसून होते. आईला पाहून ते उठले, हात जोडले आणि म्हणाले, "वैनी, तुमच्या भाकरी आल्या का ती दोन दिवस निवांत झोपायची."