धाकटीच्या दोन खोल्या आणि वकिलाची फाईल

मुलांनो, तुमच्याकडे वकिलाला भेटायचं तर आधी वेळ घ्यावी लागते म्हणता. इथे बीडमध्ये वकील सहज भेटतो. तो काय बोलला, हे मात्र घरातल्या एकाच पुरुषाला कळतं.

माझ्या वडिलांनी मृत्युपत्र केलं आणि त्याची अंमलबजावणी माझ्या भावाकडे सोपवली. बसस्थानकामागच्या घरातल्या दोन खोल्यांत माझ्या विधवा धाकट्या बहिणीला हयातभर राहू द्यावं, असं त्यात स्पष्ट होतं. वडील गेले आणि वर्षभरातच भावाला तिथे कोचिंग क्लास दिसू लागला.

"खोल्या सोड," तो तिला म्हणाला. "ते कलम कायद्यात बसत न्हाई. वकिलानं लेखी सल्ला दिलाय."

"मग दाखव की दादा."

"वकिलाचा कागद गोपनीय असतो. आन् तुला काय कळणार हाय त्यातलं?"

सरहद्दीवरच्या फौजेचा नकाशा कपाटात असल्यासारखा तो 'गोपनीय' म्हणाला. धाकटी घाबरून भांडी बांधायला लागली. मी ती परत फळीवर लावायला लावली.

भाऊबीजेला आम्ही दोघी ओवाळायला गेलो. आमच्या घराण्यात बहिणींच्या सह्या याच दिवशी घेतात. ओवाळून झालं की ताटात साडी पडते आणि साडीवर कागद. पेन भावाच्या खिशात तयारच असतं. अशा वेळी कागद वाचणं म्हणजे भावावर अविश्वास, म्हणून कुणी वाचत नाही. आमच्या आत्यांनी साडीचा रंग बघता बघता बागायती जमीन सोडून दिली. यंदाचा कागद म्हणजे इस्टेटीच्या खर्चाचा हिशेब होता; तो मान्य आहे म्हणून खाली आमच्या सह्या हव्या होत्या. मी चष्मा लावला.

"अक्का, कावून वाचत बसलीस? भावाचा भरवसा न्हाई का?"

"भरवसा आहे. वाचायची सवयही आहे."

वकिलाच्या सल्ल्याची फी त्याने इस्टेटीच्या खर्चात घातली होती. वकिलाला मांजरसुंब्याच्या ढाब्यावर घातलेलं जेवणसुद्धा. स्वतःच्या खिशाला हात लावायचा नाही, या एकाच तत्त्वावर तो जन्मभर ठाम राहिला आहे.

"हा सल्ला तू स्वतःसाठी घेतलास की इस्टेटीसाठी?" मी विचारलं.

"इस्टेटीसाठीच. म्हणून तर तिथं लिवलाय."

"इस्टेटीत आमचाही वाटा आहे, म्हणजे सल्ला आमचाही झाला. तुझा खाजगी असेल तर फी तू भर आणि ही ओळ खोड."

त्याने साडीकडे पाहिलं. परत घेता येईल का, असं काहीसं. फी भरणं त्याच्या जिवावर आलं.

"वकीलच दाखवायला न्हाई म्हणतील, बघ," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं वकिलांच्या ऑफिसात गेलो.

"ताई, तुमच्याविरुद्ध कोर्टात कसं लढायचं, हे यांनी स्वतःच्या पैशाने विचारलं तर ते मी दाखवणार नाही," वकील मला म्हणाले. "पण मृत्युपत्र अमलात कसं आणायचं, हा सल्ला इस्टेटीच्या पैशाने घेतलाय. तुम्ही वारस आहात. बघा."

त्यांनी फाईल पुढे सरकवली. भाऊ पंख्याकडे बघत बसला.

सल्ला एका पानाचा होता. धाकटीला हयातभर खोल्यांतून काढता येणार नाही, आणि खोल्यांची दुरुस्ती इस्टेटीतून करून द्यावी.

"वाचण्यात गल्लत झाली आसंल," भाऊ म्हणाला.

"होतं, दादा. अक्षर लई बारीक हाय," धाकटी म्हणाली. "पण दुरुस्तीचं वाचलंस ना? न्हाणीचं छत गळतंय. गवंडी कवा पाठवतोस?"

भावाने वकिलांना विचारलं, यावर दुसरा काही सल्ला मिळेल का. मिळेल, वकील म्हणाले, फक्त त्याची फी या वेळी तुम्हाला द्यावी लागेल.

गवंडी सोमवारी आला.